बोटभर जागा

आमच्या यांनी उभ्या आयुष्यात कुणाला चटकन "बरं" म्हटलं नाही. गिऱ्हाईक दारात गाडी उभी करून तोंड उघडतंय तोवर यांचं "नाही" तयार असायचं. नाही, आज होणार नाही. नाही, हा पाइप चालणार नाही. नाही, तुमच्या मित्राने सांगितलं म्हणून मी करणार नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, माणूस भांडकुदळ आहे. पुढे कळलं, भांडकुदळ नाही. फक्त कामापुढे त्याला माणसं दिसत नाहीत. बायकोच्या दृष्टीने दोन्हींत फारसा फरक नसतो.

यांचं काम शाफ्टचं. गाडीच्या पोटाखालून एक लांब नळी जाते. पुढे गिअरबॉक्समधून ताकद घ्यायची आणि मागची चाकं फिरवायची, हे तिचं काम. तिलाच शाफ्ट म्हणतात. वाकला, झिजला, थरथरायला लागला की लोक यांच्याकडे यायचे. हे जुनी नळी कापायचे, नवी जोडायचे, मशीनवर चढवून गरगर फिरवायचे आणि तिचा तोल काढायचे. खाली वर्कशॉप, वर आमचं घर. मशीन फिरायला लागलं की माझ्या स्वयंपाकघरातल्या कपबश्या खुळखुळायच्या, आणि तोल जमला की गप्प व्हायच्या. त्यावरून मला वरच्या वर कळायचं की आता चहा टाकायला हवा.

माप घ्यायची यांची एक तऱ्हा होती. वर्कशॉपच्या मधोमध एक लांब खड्डा आहे. गाडी त्यावर आपल्या चारी चाकांवर उभी करायची, आणि मग तिच्यात माणसं बसवायची. पुढे मालक, आणि मागे कुणी नसेल तर मी. जिन्यातून हाक यायची, "अगं, खाली ये, वजन पाहिजे!" हात पुसत मी उतरायची, कुणातरी परक्याच्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसायची, आणि हे खड्ड्यात उतरून टेप लावायचे. लोकांच्या बायका गाड्यांतून फिरल्या, मी गाड्यांत नुसती बसले. एकदा चिडून विचारलं, "मला कशाला बसवता? पोतं ठेवा ना." तर म्हणाले, "गाडी रिकामी पळत नाही." बस्स, तेवढंच. पोत्याबद्दल अवाक्षर नाही. कारणं सांगत बसणं म्हणजे यांच्या मते रिकामटेकड्यांचा उद्योग. आमचा मुलगा हे बघत मोठा झाला, आणि आई गाडीत बसते ही बाबांची थट्टा आहे, असं समजत मोठा झाला. त्याचा तरी काय दोष? सांगायला नको का कुणी?

मग झटका आला. सकाळी दाढी करताना. अर्ध्या गालावर साबण तसाच, आणि हे मोरीच्या भिंतीला टेकून माझ्याकडे बघतायत, काहीतरी सांगतायत, आणि तोंडातून नुसती हवा. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. पुढे पाय थोडा परत आला, काठी आणि माझा खांदा धरून चालण्याइतका. हात काही परत आला नाही. वाचा परत आली ती एकच शब्द घेऊन आली.

"बरं."

चहा हवा का? बरं. पाय दुखतोय का? बरं. खिडकी उघडू की लावू? बरं. ज्या माणसाच्या तोंडून हा शब्द ऐकायला मी जन्मभर तरसले, त्याच्या तोंडात आता दुसरं काही उरलंच नाही. देवाला विनोद करायचा होता तर दुसऱ्या कुणाच्या घरात करायचा.

सुरुवातीला आम्ही हसलोसुद्धा, खोटं कशाला बोलू. माझी नणंद आली, यांच्यापुढे खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "दादा, तुझं ते कोपऱ्यातलं हत्यारांचं कपाट मी नेऊ का? आमच्याकडे उपयोगी पडेल. तुला आता काय करायचंय?"

"बरं," हे म्हणाले.

कपाट गेलं. ते दारातून बाहेर पडताना हे त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती मी पाहिली. त्या दिवसापासून माझं हसू आटलं.

बोलायला शिकवणाऱ्या एक बाई घरी येतात. छत्री, कप, किल्ली अशी चित्रं यांच्यापुढे मांडतात आणि नावं विचारतात. स्वभावाने गोड आहेत, मला थोडा रागच येतो त्यांच्या गोडव्याचा. त्यांनी मला समजावलं, "यांना सगळं कळतं बरं का. शब्द आत अगदी नीट असतो, पण बाहेर येताना वाट चुकतो. आणि मान हलवतात तीसुद्धा प्रमाण धरू नका. नाही म्हणायचं असेल तेव्हा मान हो म्हणून हलेल."

"लिहून देतील?" मी विचारलं. डाव्या हातात पेन देऊन बघितलं होतं, नुसत्या रेघोट्या आल्या होत्या.

"लिहिण्याचंही तेच झालंय."

"मग आम्ही धरायचं काय?"

"ते काय करतात ते बघत राहा," बाई म्हणाल्या.

बघत राहा म्हणे. बघण्यात काय, मी रात्रंदिवस तेच करत होते.

आता मुलाची गाडी. दोन दारांची, जुनी, मागच्या चाकांच्या जोरावर पळणारी. लग्नाचं नाव काढत नाही तो, माझ्या सुनेची जागा तिनेच अडवून ठेवलीय. इंजिन त्याने असं काही फुगवलंय की सुरू केली की समोरच्यांच्या खिडकीच्या काचा बोलायला लागतात. शहराबाहेर विमानांची एक जुनी धावपट्टी आहे. विमानं यायची केव्हाच थांबली. आता सुट्टीच्या दिवशी तिथे गाड्या पळवतात, दोन-दोन शेजारी उभ्या करून, सरळ रेषेत. परवानगी असते, रुग्णवाहिका उभी असते, सगळं रीतसर. त्या पट्टीवर एकदा सगळ्यांच्या पुढे जायचं, हे त्याचं स्वप्न. माझ्या मते ते वेड आहे, पण आपल्या पोटच्या पोराच्या वेडाला आपण स्वप्न म्हणतो.

यांची वाचा शाबूत होती तेव्हा शाफ्टवरून बापलेकांचं भांडण ठरलेलं. जेवायला बसले की सुरू.

"बाबा, ॲल्युमिनियमचा केला तर वजन किती उतरतं बघा. इंजिनला तेवढं कमी ओझं फिरवायचं. गाडी वेग पटकन घेते. सगळे तोच बसवतात."

"सगळे बसवतात, आणि सगळे माझ्याकडे येतात. वेल्डिंगच्या जागी ते मऊ पडतं. खालून दगड लागला की पोचा आला, आणि पोचा आला की शाफ्ट गेला. स्टील सोसतं."

"पण जड!"

"जड असतं ते टिकतं. तुझ्या आईकडे बघ."

मी भांडं आपटायची. यांच्या मिशीत हसू यायचं. दोघांतलं बरोबर कोण, मला विचारू नका. जाणकार सांगतात की दोन्ही चालतात, इंजिनाची ताकद आणि गाडीचं काम बघून निवडायचं. पण आमच्या घरात तो धातूचा प्रश्न कधी नव्हताच. बाप एकदाच "बरं" म्हणेल का, हा प्रश्न होता.

यांच्या आजारपणात मुलाने नोकरी सोडली आणि वर्कशॉप हातात घेतलं. कॉम्प्युटरपुढे बसणारा मुलगा, बापाचं काम लांबून बघून जेवढं उचलता येईल तेवढं उचललेला. हुशार आहे. वेल्डिंग यांच्याइतकं सुबक करतो, हे मी आई म्हणून नाही, कपबश्यांच्या साक्षीने सांगते. पण बघून हात शिकतात, कारणं शिकता येत नाहीत. त्याला वाटलं, बाबा खड्ड्यात माप घ्यायचे कारण त्यांच्याकडे लिफ्ट नव्हती. म्हणून त्याने सगळ्यात आधी लिफ्ट आणली. दोन खांब आणि चार हात. गाडीला पोटाखाली धरून छताशी नेते. चाकं खाली लोंबत राहतात, आणि माणूस उभ्याने काम करतो. खड्ड्यावर त्याने फळ्या टाकल्या.

हे रोज सकाळी खाली जाऊन वर्कशॉपच्या दारात खुर्चीवर बसायचे. त्या दिवशी मुलाने आपली गाडी वर चढवली, जुना शाफ्ट काढला आणि नव्यासाठी माप घ्यायला टेप लावला. गाडी अधांतरी, चाकं लोंबलेली. हे काठी टेकून उभे राहिले.

"बरं! बरं, बरं, बरं!"

मुलगा हसला. "आवडली ना बाबा लिफ्ट? मी म्हणत नव्हतो?"

"बरं!" यांचा चेहरा लाल झाला होता.

काय घडत होतं ते सगळ्यांना नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. गाडी टांगली की चाकांबरोबर तिचं मागचं अंग खाली उतरतं आणि गिअरबॉक्सपासूनचं अंतर वाढतं. गाडी जमिनीवर आली, माणसं बसली, आणि त्यातून जोरात सोडली की मागचं अंग दबतं आणि तेच अंतर कमी होतं. तेव्हा शाफ्टला गिअरबॉक्सच्या आत सरकायला बोटभर जागा लागते. मुलाने टांगलेल्या गाडीचं माप घेतलं. म्हणजे शाफ्ट लांब होणार, ती बोटभर जागा राहणार नाही, आणि पहिल्या दणक्याला तो गिअरबॉक्सवरच आदळणार. ॲल्युमिनियमचा असो, स्टीलचा असो, सोन्याचा असो.

हे यांना दिसत होतं. सबंध वर्कशॉपात ते एकट्या यांनाच दिसत होतं, आणि यांच्याजवळ एकच शब्द होता.

मुलगा ॲल्युमिनियमची नळी घेऊन आला. पांढरीशुभ्र, जाडजूड आणि हलकी. मीसुद्धा एका हाताने उचलली. हे उठले आणि काठीने तिच्यावर ठण् ठण् मारायला लागले. नळीवर, मग लिफ्टच्या खांबावर, मग पुन्हा नळीवर. मुलाचा चेहरा उतरला.

"ॲल्युमिनियम नकोच म्हणतायत," तो म्हणाला.

"मग काय तर," नणंद म्हणाली. ती कपाटाची किल्ली राहिली होती म्हणून आली होती. "दादा जन्मभर स्टीलवाला. मरताना विचारलंस तरी स्टीलच सांगेल."

"वन्सं, मरायच्या गोष्टी कशाला?" मी म्हटलं.

"अगं, उदाहरण दिलं."

मुलाने एक शेवटचा प्रयत्न केला. नळ्यांचे दोन तुकडे कापून यांच्या मांडीवर ठेवले, एक पांढरा, एक काळपट. स्वतः पुढ्यात उकिडवा बसला. "बाबा, मी तुमचं ऐकणार आहे. खरंच ऐकणार आहे. यातला कुठला, तेवढं दाखवा."

यांनी डाव्या हाताने दोन्ही तुकडे ढकलून दिले. ते फरशीवर घरंगळत गेले. मग भिंतीवरच्या खिळ्याला टेप लटकत होता तिकडे हात केला. मी टेप काढून हातात दिला. यांनी त्याचं टोक ओढलं, पण दुसरं टोक धरायला दुसरा हात कुठे होता? टेप सटकून गुंडाळला गेला. पुन्हा ओढला, पुन्हा सटकला. मग टेप टाकून यांनी माझं मनगट धरलं आणि मला गाडीकडे ओढायला लागले. गाडी तर छताला. खाली उभं राहून यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला खाली दाबलं. मला वाटलं, बस म्हणतायत. मी शेजारच्या स्टुलावर बसले.

यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

हा माणूस बापाच्या मरणाला रडला नव्हता. मी घाबरले, मुलगा घाबरला. "आई, नको. त्यांना त्रास होतोय. राहू दे. मी स्टीलचा करतो," तो म्हणाला. त्याने ती पांढरी नळी उचलून कोपऱ्यात उभी केली आणि तिच्याकडे पाठ केली. "इतकी वर्षं मी त्यांचं ऐकलं नाही. आता बोलता येत नाही तेव्हा तरी ऐकायला नको?"

आणि मला, मूर्ख बाईला, भरून आलं. वाटलं, चला, बापाचं पोराने ऐकलं. यांच्या मनासारखं झालं.

त्याने स्टीलचा शाफ्ट केला. तोच टेप, तेच माप. हे खुर्चीत बसून बघत होते. आता काठी आपटत नव्हते. वर माझ्या कपबश्या जराही खुळखुळल्या नाहीत, तोल इतका सुरेख जमला होता. मुलाने शाफ्ट बसवला, गाडी खाली उतरवली, गल्लीतून दोन फेऱ्या मारून आणली. आवाज नाही, थरथर नाही. नाहीच होणार, हळू चालवल्यावर काय होतंय?

टायरचं दुकान असलेला त्याचा मित्र आला होता. तो गाडीखाली वाकून म्हणाला, "स्टील? अरे, रविवारी पट्टीवर सगळे हसतील तुला."

"हसू देत," मुलगा म्हणाला. "बाबांची निवड आहे."

त्याच संध्याकाळी यांनी ते केलं. मुलगा हात धुवायला मागे गेला होता. हे खुर्चीतून उठले, भिंतीला धरून धरून गाडीपाशी गेले, दार उघडलं, पुढची सीट कशीबशी कलती केली आणि त्या दोन दारांच्या गाडीत मागे शिरायला लागले. धड माणसाला तिथे शिरताना घाम फुटतो. मी धावले तोवर हे अर्धे आत, अर्धे बाहेर. कमरेला आधार देऊन मी यांना आत सरकवलं. हे बसले. धापा टाकत होते. मग शेजारच्या जागेवर यांनी हात थोपटला.

"मी? मी आत येऊ?"

"बरं."

मी शिरले आणि बसले. माझ्या वजनाने गाडी मागे खाली बसली. ते मला नेहमीसारखं माझ्या पाठीला जाणवलं. यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. कसं सांगू तुम्हाला ते बघणं? खड्ड्याच्या काठावरून कुणी खाली पडलेल्याला हात देतो ना, तसा यांनी डोळ्यांनी मला हात दिला होता. आणि मला कळलं. अंतराचं, गिअरबॉक्सचं काही कळलं नाही, तेवढी अक्कल मला नव्हती. पण एवढं लख्ख कळलं की हे मापाबद्दल बोलतायत. वजन बसवून माप घ्यायचं होतं, आणि ते घेतलेलं नाही.

"माप?" मी विचारलं. "अहो, माप चुकलंय?"

यांनी माझा हात असा आवळला की बांगड्या रुतल्या.

मुलगा आला तर आम्ही दोघं गाडीत मागे बसलेले. तो दारातच थबकला, आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला पुढचं बोलवेना.

"बाबांना यायचंय! आई, त्यांना रविवारी माझ्याबरोबर यायचंय!"

"अरे, तसं नाही. ऐक माझं. ते म्हणतायत माप चुकलं. तू गाडी टांगून माप घेतलंस. ते नेहमी आम्हाला बसवून घ्यायचे."

"आई, ते खड्डा होता म्हणून. आणि तुला बसवणं ही त्यांची गंमत होती गं."

"गंमत नव्हती."

"मग काय होतं, सांग."

काय होतं ते मला कुठे सांगितलं होतं कुणी? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मुलगा शहाणा आहे, त्याने मला झिडकारलं नाही. तो यांच्यासमोर वाकला. "बाबा, आई म्हणते माप चुकलंय. चुकलंय का?"

"बरं," हे म्हणाले.

"की बरोबर आहे?"

"बरं." आणि मान हलली, वरखाली, हो म्हणून.

"बघ," मुलगा म्हणाला.

"अरे, त्या बाईंनी काय सांगितलंय? यांच्या 'बरं'चा भरवसा धरू नका म्हणून."

"मग कशाचा धरू? तुला जे वाटतं त्याचा?" तो हे रागाने बोलला नाही, म्हणून जास्त लागलं. "आई, शाफ्ट बसलाय. मी गाडी चालवून आणलीय. त्यांना स्टीलचा हवा होता, स्टीलचा केला. आता त्यांना फक्त यायचंय. एवढं तरी होऊ दे ना आमच्यात."

खरं सांगायचं तर माझंच मन डळमळलं. दोन मिनिटांपूर्वी लख्ख कळलेलं आता मला अंधुक दिसायला लागलं. कुणी सांगावं, खरंच फिरायला जायचं असेल. कुणी सांगावं, या माणसाला आयुष्यात एकदा बायकोच्या शेजारी गाडीत नुसतं बसायचं असेल. मी यांच्याकडे बघितलं. यांनी डोळे मिटले होते.

रविवारी आम्ही गेलो. टायरवाल्याने आम्हाला त्याच्या गाडीतून नेलं. मी वाटेत दोनदा म्हटलं, थोडं हळू घे म्हणावं त्याला, तर तो हसला, "काकू, शर्यत आहे ती. घोडामैदान जवळच आहे, बघालच."

पट्टी लांबलचक, तापलेली, कडेला वाळकं गवत. प्रेक्षकांसाठी लोखंडी कठडा होता. यांच्यासाठी कुणीतरी खुर्ची आणून दिली, पण हे बसेनात. कठडा डाव्या हाताने धरून उभे राहिले, आणि उजव्या बाजूने मी यांना कवटाळून उभी. तिथे काठीचा उपयोग नव्हता, काठी धरायचा हात कठड्यावर होता.

मुलाची गाडी रेषेवर आली. त्याने काचेतून आमच्याकडे बघून अंगठा वर केला. शेजारी एक निळी गाडी. दोन्ही इंजिनं इतकी ओरडायला लागली की माझ्या छातीत घुमायला लागलं. समोर दिवे लागले, एकाखाली एक.

तेव्हा यांच्या अंगाला एक हिसका बसला. मला वाटलं, दुसरा झटका. मी यांना आणखी घट्ट धरलं, आणि यांच्या तोंडातून आवाज आला.

"थांब!"

स्वच्छ. खणखणीत. यांचाच आवाज, वर्कशॉपातून जिन्यावर यायचा तो. त्या इंजिनांच्या गदारोळात तो फक्त मला ऐकू आला, कारण माझा कान यांच्या तोंडाशी होता. शेजारचा माणूससुद्धा वळला नाही.

"थांब!" पुन्हा.

मीही ओरडले. मी हात हलवले. बाजूच्या लोकांना वाटलं, आई पोराला जोश चढवतेय. एका बाईने माझ्या पाठीवर थाप मारली.

हिरवा दिवा लागला. गाडी सुटली, आणि मी तिचं मागचं अंग खाली दबताना पाहिलं. तसं दबणं मी कितीदा पाठीने अनुभवलं होतं. मग एक दणका झाला, धातूवर धातूचा. गाडीखालून ठिणग्या उडाल्या, काहीतरी लांब लोंबत जमिनीवर आपटायला लागलं, गाडी आडवी झाली आणि धूळ उडवत कडेच्या टायरांच्या भिंतीत जाऊन शिरली. निळी गाडी सरळ पुढे गेली. लोक धावले.

मी धावले नाही. मी यांना धरून उभी होते. सोडलं असतं तर हे पडले असते. तिकडे माझा मुलगा धुळीत होता आणि इकडे माझा नवरा माझ्या हातात होता, आणि मला देवाने हात दोनच दिले होते. मी "कुणीतरी धरा हो यांना" म्हणून ओरडले, पण सगळ्यांची तोंडं तिकडे. शेजारची ती थाप मारणारी बाईही कठड्यावरून उडी मारून पळाली होती.

यांनी कठडा सोडला. धड असलेल्या त्या एका हाताने यांनी माझे हात आपल्या अंगावरून काढले, एक, मग दुसरा, आणि मला ढकललं. जा.

मी गेले. कठड्याखालून वाकून गेले आणि पळत सुटले. मागे काय झालं ते मला ऐकू आलं, पण मी वळले नाही.

दार तोडून उघडलं होतं. मुलगा शुद्धीत होता. गाडीचा तळाचा पत्रा आतल्या बाजूला फाटून वर आला होता आणि त्यात त्याचा पाय गुडघ्याखाली अडकला होता. पत्रा कापायला काहीतरी आणा म्हणून माणसं ओरडत होती. त्याने मला बघितलं आणि माझा हात पकडला. लहानपणी ताप चढला की पकडायचा तसा.

"आई," तो म्हणाला, "बाबांना सांगू नकोस हं, शाफ्ट गेला म्हणून. स्टीलचाच होता, तरी गेला. त्यांना वाटेल, त्यांचंच चुकलं."

"नाही सांगत," मी म्हटलं.

मी मागे वळून बघितलं. मोकळ्या झालेल्या कठड्यापाशी हे जमिनीवर पडले होते आणि एका हाताने उठायची धडपड करत होते. आजूबाजूला कुणी नव्हतं. मुलाने माझा हात घट्ट धरला होता, आणि तो सोडवून घ्यायचं बळ माझ्यात नव्हतं.